कन्नडात आहे, तू वाच

पावसाळ्यात गाडीने किनाऱ्यावर जायचं की नाही, यावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा झाली. चर्चा झाली म्हणजे नवरा बोलला.

सासूबाईंना किनाऱ्यावरच्या एका देवीची ओटी भरायची होती. त्यांचं वय एक्याऐंशी. 'पुढच्या वर्षीचं कोणी पाहिलंय' हे त्यांचं हुकमी वाक्य आणि ते गेली दहा वर्षं चालतंय. मी म्हटलं, दिवाळीनंतर जाऊ, रस्ते कोरडे असतील. नवरा म्हणाला, पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, खरी मजा तेव्हाच. ज्याला औषधांचे डबे, ओले टॉवेल आणि डिकीतल्या पिशव्या यांच्याशी काही देणंघेणं नसतं, त्यालाच मजा हा शब्द इतका सहज सुचतो.

"मग गाडी निम्मी मी चालवणार," मी म्हटलं.

"सरी, सरी," नवरा म्हणाला. याचा अर्थ, 'नाही'.

कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. चोवीस वर्षं बेंगळुरूत राहून नवऱ्याने कन्नडचे दोन शब्द कमावले आहेत, स्वल्प आणि सरी. रिक्षावाल्याला 'स्वल्प' म्हटलं की थोडं पुढे घे, भाजीवाल्याला म्हटलं की थोडं कमी कर. आणि वाद नको असला की 'सरी'. तो सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर आहे. तिथे काम इंग्रजीत, चहा हिंदीत, आणि डबा खाणारी मराठी मंडळी वेगळ्या टेबलावर. त्याला कधी अडलंच नाही. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माझ्या हाताखालच्या बायकांना कन्नड सोडून काही येत नव्हतं, म्हणून मी शिकले. अक्षरं बसच्या पाट्यांवरून शिकले. त्यात कौतुकाचं काही नाही. बस चुकली की पगारातला अर्धा दिवस जायचा.

त्यामुळे गाडीत बसलो की पाट्या वाचायचं काम माझं. हे कधी ठरलं ते आठवत नाही. तो विचारायचा, "काय लिहिलंय गं?" मी वाचायची. "कन्नडात आहे, तू वाच." आमच्या संसारातलं हे इतकं सवयीचं वाक्य होतं की मी ते ऐकतही नव्हते. उत्तर देऊन टाकायचे.

दुसरी एक सवय सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाडी रोज मी चालवते. होसूर रोडने, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलाखालून, ट्रक, बस, उलट दिशेने येणाऱ्या स्कूटर या सगळ्यांमधून, बारा वर्षं. नवरा ऑफिसच्या बसने जातो. पण गावाला जायचं, लांब जायचं, नातेवाइकांकडे जायचं, की गाडी तो चालवणार. बायको चालवतेय आणि नवरा शेजारी बसलाय, हे सोसायटीच्या गेटातून बाहेर पडताना बरं दिसत नाही म्हणे. कोणाला बरं दिसत नाही, ते कोणी सांगत नाही. मी अनेकदा भांडले आणि अनेकदा कंटाळून डाव्या सीटवर जाऊन बसले. त्या कंटाळ्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

तर आम्ही निघालो. नेलमंगलच्या पुढे पाऊस लागला आणि हासन सोडल्यावर तो थांबलाच नाही. नवरा सावकाश चालवत होता. इतका सावकाश की मागचे हॉर्न वाजवून पुढे जात होते. शिराडी घाट उतरताना तो एका सरकारी बसच्या मागे लागला आणि तिला शेवटपर्यंत सोडलं नाही.

"ओव्हरटेक करत नाही ते बरं करताय," मी म्हटलं. सासूबाई गाडीत असल्या की मी त्याला अहोजाहो करते, दोघंच असलो की तू. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात झालेला हा तह आहे आणि मी तो प्रामाणिकपणे पाळत आले.

"बसच्या मागे राहावं. बस रस्ता साफ करते," तो म्हणाला.

मला ते शहाणपणाचं वाटलं. मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, वयाने माणूस सुधारला.

मग बस एका गावाच्या थांब्यावर वळली आणि रस्त्यात एक गाय उभी होती. चांगली मोठी, पांढरी. मी वाट पाहिली की आता ब्रेक लावेल, आता लावेल. मग ओरडले, "गाय!" गाडी घसरत जाऊन तिच्या शेपटीपासून हातभर अंतरावर थांबली. गाईने वळूनही पाहिलं नाही. मागे सासूबाईंचं स्तोत्र जोरात सुरू झालं.

"दिसली होती गं," नवरा म्हणाला. "ओरडतेस कशाला?"

मी दिवसभर बाद पार्ट ओळखायचं काम करते. केसाइतका फरक असला तरी माझ्या बोटांना कळतो. आणि तिथे मी गप्प बसले, कारण सासूबाई होत्या, सुट्टी होती, आणि ओटीचं सामान मांडीवर होतं.

ओटी झाली. देवीपाशी गर्दी नव्हती. सासूबाईंना समुद्र दाखवला. तो चहाच्या रंगाचा होता आणि वारा इतका की छत्री उलटी झाली. एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी परतीला निघालो. उडुपीवरून हेब्री, तिथून आगुंबेचा घाट चढून शिमोग्याच्या रस्त्याला लागायचं, असा नवऱ्याचा बेत. ज्या घाटात वळणाला गाडीचं नाक आणि शेपूट एकाच वेळी रस्त्यावर राहत नाही असं वाटतं, तो घाट, पावसात. पण त्याने नकाशा पाहून ठरवलं होतं आणि त्याने ठरवलेलं बदलायचं म्हणजे त्याचा अपमान.

जेवायच्या वेळेला रस्त्याकडेला एक खानावळ आली. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. मी मान खाली घालून सासूबाईंची रक्तदाबाची गोळी शोधत होते.

"इथं जेवायचं का? काय मिळतं बघ," तो म्हणाला.

"तुम्हीच वाचा की. माझे हात गुंतलेत."

"कन्नडात आहे. तू वाच."

मी मान वर केली. पिवळ्या पत्र्यावर लाल रंगात, वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'शुध्द शाकाहारी मराठी जेवन. झुणका भाकर मिळेल. गाडी लावन्यास जागा.' त्या बाजूला आपल्याकडच्या यात्रेकरूंच्या बसगाड्या थांबतात, त्यांच्यासाठी कोणीतरी ऐकीव मराठीत रंगवून घेतलेली पाटी. शुद्धलेखनाच्या चुका सोडल्या तर ती आमच्याच भाषेत होती. काचेसमोर दहा-बारा पावलांवर. वायपर चालू होते.

कारखान्यात एखादा पार्ट हाताला बरा लागतो आणि मापाच्या गेजमध्ये बसत नाही, तेव्हा मी आरडाओरडा करत नाही. पुन्हा मोजते.

"आणि ते शेजारचं दुकान कसलं आहे?"

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. "तेही कन्नडात."

ते औषधांचं दुकान होतं. पाटी इंग्रजीत होती, वर हिरवा क्रॉस.

"तो बघा, छत्रीवाला माणूस बोलावतोय तुम्हाला. गाडी आत घ्या म्हणतोय."

"हो, बघतोय ना मी," नवरा म्हणाला आणि समोर पाहून हात केला.

छत्री नव्हती. माणूसही नव्हता. खानावळीच्या दारात निळं प्लॅस्टिक डोक्यावर घेतलेली एक बाई परात धूत होती. तिने माझ्या नवऱ्याच्या हात करण्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं.

"गाडी बंद कर," मी म्हटलं. "किल्ली दे."

कर. दे. सासूबाईंसमोर. मागून त्या म्हणाल्या, "अगं, नवऱ्याशी अशी बोलतेस? आणि एवढं काय झालं? डॉक्टर म्हणाले होते, लगेच काही आंधळा होणार नाही म्हणून."

असं मला कळलं. बातमी म्हणून नाही, माझ्या तोंडाळपणावरचा शेरा म्हणून.

"कुठले डॉक्टर, आई?"

नवरा म्हणाला, "आई, तुला सांगितलं होतं ना."

"तू सांगितलंस, मी कुठे कोणाला सांगितलं? आता तिने ओळखलं तर माझा काय दोष?"

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला शिफ्ट होती, म्हणून नवरा त्यांना घेऊन जयनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचा. एकदा सहज म्हणून डॉक्टरांनी त्याचेही डोळे तपासले. याला मधुमेह आहे. डोळ्यांच्या पडद्याला सूज आलेली होती. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, तोवर गाडी चालवू नका, असं सांगितलं. मायलेक बाहेर आले, कॉफी प्यायले, आणि मला सांगायचं नाही असं ठरवून घरी आले. मी त्या संध्याकाळी दोघांसाठी मऊ खिचडी केली होती. सासूबाईंच्या डोळ्यांसाठी.

आम्ही आत जाऊन जेवलो. नाही तर काय करणार, सासूबाईंना गोळीआधी खाणं लागतं. भाकरी बरी होती. झुणका त्याला आवडला. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला. त्या झुणक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"तू काळजी केली असतीस म्हणून नाही सांगितलं," तो म्हणाला.

"म्हणजे मी काळजी करू नये म्हणून तू मला गाईवर घालणार होतास?"

"गाय दिसली होती मला."

"छत्रीवाला माणूस पण दिसला होता."

सासूबाई म्हणाल्या, "हळूच चालवतो गं तो. आणि तू असतेस ना बाजूला वाचायला."

हे ऐकून मी घास खाली ठेवला. दोन वर्षं मी त्याचे डोळे होते आणि हे मला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. 'काय लिहिलंय गं', 'पुढे डावीकडे आहे का उजवीकडे', 'सिग्नल सुटला का बघ, मी जरा मागे बघतोय'. मी म्हणायची, कन्नड शिकला नाही हा माणूस, आळशी आहे. आळस नव्हता, सोय होती. दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर चार दिवसांत पकडला गेला असता. पुण्यात 'मराठीत आहे, तू वाच' असं कोणाला म्हणाला असता? इथे त्याला लपायला एक अख्खी लिपी मिळाली होती आणि त्या लिपीची किल्ली म्हणून मी.

मी ड्रायव्हर सीट पुढे ओढली, आरसे फिरवले. तो डाव्या बाजूला येऊन बसला आणि पट्टा लावायला लागला तर खाच सापडेना. चाचपडत होता. मी मदत केली नाही. सापडली त्याला.

घाटाच्या पायथ्याशी नाक्यावर रेनकोट घातलेला एक रखवालदार होता. त्याने वाकून आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अक्का, नीवे ओडसोदा?" तुम्हीच चालवणार? मी हो म्हटलं. "मंजु जास्ती इदे. निधानक्के." धुकं फार आहे, सावकाश जा. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं नाही.

पहिल्या वळणालाच त्याने सुरू केलं. "हॉर्न दे. दुसऱ्या गिअरमध्ये घे. आतून नको, बाहेरून वळव."

"ऐक," मी म्हटलं. "तू एकच गोष्ट सांगायची. तुला काय दिसतंय ते. बाकी काही नाही."

"म्हणजे?"

"आत्ता, समोर, काय दिसतंय?"

एका बाजूला डोंगरावरून पाणी रस्त्यावर पडत होतं, दुसऱ्या बाजूला कठडा होता आणि कठड्यापलीकडे काहीच नव्हतं. मधल्या एका जागी दरड कोसळून गेलेली, लाल चिखल अजून रस्त्यावर.

"पांढरं," तो म्हणाला.

"ते धुकं. मलाही दिसतंय. आणखी?"

वरून एक मिनीबस आली. मी थांबून तिला जागा दिली. चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं, मागे न घसरता, हे मी कारखान्याजवळच्या पुलावर हजारदा केलेलं आहे. ती गेल्यावर तो म्हणाला, "मधोमध एक काळा डाग आहे. मी जिकडे बघतो तिकडे जातो. बाजूचं दिसतं. कठडा दिसतोय. तुझा हात दिसतोय."

"डाग केव्हापासून आहे?"

"स्वल्प दिवस झाले."

"मराठीत सांग."

"दीड वर्ष."

सासूबाई मागे हुंदका देऊन म्हणाल्या, "मला दीड वर्षाचं ठाऊक नव्हतं रे." म्हणजे तो त्यांच्याशीही खोटंच बोलला होता. मला त्यात समाधान वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

"इंजेक्शनं का नाही घेतलीस?"

पुढचं वळण येऊन गेलं. मग अगदी हळू आवाजात, "डोळ्यात सुई घालतात. उघड्या डोळ्यात. आपल्याला ती येताना दिसते."

मी हसले नाही आणि मला दयाही आली नाही. माझं एक सिझेरियन झालंय आणि पित्ताशय काढलंय. दोन्ही वेळा हा माणूस मला म्हणाला होता, आजकाल काही कळत नाही, दहा मिनिटांचं काम. मी तेच वाक्य त्याला परत दिलं, शब्दही न बदलता. वर पोचेपर्यंत प्रत्येक वळणाला मी विचारायची, काय दिसतंय, आणि तो सांगायचा. दिसत नाही. दिसत नाही. डावीकडे काहीतरी हिरवं. दिसत नाही.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली, तेव्हा माझ्या हाताला रग लागली होती. सूर्यास्त पाहायची तिथे जागा आहे म्हणतात, आम्हाला आमची गाडीसुद्धा धड दिसत नव्हती. चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "छान चालवलीस हो. मला वाटलं नव्हतं."

"मी रोज चालवते, आई."

"हो, पण घाटात..."

मी कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

बेंगळुरूला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्याला जयनगरला नेलं. तपासणीच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, "कन्नड ओदक्के बरुत्ता, सार?" कन्नड वाचता येतं का? सवयीने त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ती ओळखीची सुटका मला दिसली.

"इंग्रजी अक्षरं लावा," मी म्हटलं. "त्यांना इंग्रजी उत्तम येतं."

डाव्या डोळ्याने त्याने सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षरही चुकीचं सांगितलं. उजव्या डोळ्याने तीन ओळी वाचल्या. डॉक्टर जुनेच होते, त्यांना तो आठवत होता. म्हणाले, उजवा टिकवता येईल, इंजेक्शनं सुरू करू. डाव्याचं जे गेलं ते गेलं. तेव्हाच आला असतात तर. एवढं म्हणून ते थांबले, कारण पुढचं वाक्य त्यांना दिवसातून अनेकदा म्हणावं लागत असणार.

पहिलं इंजेक्शन झालं. मी बाहेर बसले होते, माझी कॉफी निवायच्या आत तो डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आला. "झालं?" मी विचारलं. "झालं," तो म्हणाला. "सुई दिसलीच नाही. दिव्याचा उजेड फक्त." आणि मग भिंतीला धरून उभा राहिला. एवढ्याशा गोष्टीसाठी त्याने एक डोळा घालवला होता, हे त्यालाही त्या क्षणी कळलं असावं. मी त्याला सावरलं, कारण मागे स्ट्रेचर येत होतं.

लोक म्हणतात, आता तरी राग सोड, बिचारा आजारी आहे. बिचारा आहे, मान्य. पण तो बिचारा होता तेव्हा त्याने आम्हा तिघांना घाटात नेलं. आजारपणाचा मला राग नाही. ज्या वाक्यामागे तो लपला, ते मी प्रेमाने रोज ऐकत होते, याचा आहे.

गाडीची किल्ली आता माझ्याकडे असते, लांबच्या प्रवासालाही. सोसायटीच्या गेटवर कोणाला काय बरं दिसतं ते त्यांनी पाहावं. तो शेजारी बसतो. उजव्या डोळ्याने त्याला आता बऱ्यापैकी दिसतं. मोठ्या पाट्या वाचता येतात, लहान नाही. परवा होसकोटेला जाताना रस्त्याचं काम चालू होतं, कडेला फलक होता. त्याने विचारलं, "काय लिहिलंय गं? कन्नडात आहे वाटतं."

मी गाडी चालवत राहिले.

पुढचा फलक आला, तसाच. तो सीटवरून थोडा पुढे झुकला, मग मागे टेकला.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"डावीकडे वळा, पुढे रस्ता बंद," मी वाचलं आणि इंडिकेटर दिला.